खंड चौदाचा वाचक

वेलांटीकाकांनी एकतीस वर्षं एका दैनिकाच्या छापखान्यात मुद्रितं तपासली. पुढे दुकानांच्या पाट्या आणि जिन्यातल्या नोटिसाही ते लाल पेनाने दुरुस्त करू लागले, तेव्हा गल्लीने त्यांना हे नाव दिलं. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी त्यांच्या पत्नीची मूत्रपिंडं निकामी झाली आणि घराला वेळापत्रक लागलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ ते बारा डायलिसिस. केंद्र दोन गल्ल्या सोडून, सरकारी दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर होतं. यंत्रं चार, चालू तीन.

हे केंद्र बंद होणार, हे गल्लीत पहिल्यांदा काकांना कळलं. कुणी सांगितलं नव्हतं. विधानसभेत आरोग्यसेवांच्या पुनर्रचनेचं विधेयक आलं होतं आणि बातम्यांत नव्या रुग्णालयांची चित्रं झळकत होती. काकांनी विधेयकाची चौसष्ट पानं छापून आणली आणि पट्टी धरून ओळ न् ओळ वाचली. खंड चौदा, उपखंड तीन: दहापेक्षा कमी यंत्रं असलेली केंद्रं जिल्हा रुग्णालयात विलीन होतील. जिल्हा रुग्णालय बसने पावणेदोन तासांवर.

"म्हणजे बंद," काकू म्हणाल्या.

"विलीन लिहिलंय."

"साखर चहात विलीन झाली की डब्यात उरते का?"

काका आमदारांच्या कार्यालयात गेले. आमदार नव्हते, सहायक होता. त्याने सल्ला मात्र खरा दिला. "साहेबांच्या मागे फिरू नका, काका. विधेयक समितीकडे गेलंय. समिती लोकांच्या हरकती मागवते, एकवीस दिवस मुदत आहे. जितकी निवेदनं जास्त, तितकं वजन."

त्या संध्याकाळी काकांनी निवेदन लिहिलं. तीन परिच्छेद, खंडाचा उल्लेख आणि शेवटी नेमकी दुरुस्ती: 'दहा' या शब्दाऐवजी 'तीन' हा शब्द घालावा. असा कागद समितीतल्या कुणा आमदारालाही जमला नसता. दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार फिरू लागले.

शेजारच्या शिवणवालीने आपलं पत्र आधीच लिहून ठेवलं होतं. तिचा भाऊ त्याच केंद्रात जायचा. तिने लिहिलं होतं: भाऊ मशीनवरून उतरला की त्याला उलट्या होतात, तो घराच्या पायरीवर बसतो, मग मी त्याला आत नेते. दोन तास बसमध्ये तो कुठे बसेल?

काकांनी वाचून मान हलवली. "यात खंडाचा उल्लेख नाही. विधानसभेत जाणारा कागद आहे, घरची चिठ्ठी नव्हे."

"मग काय, उलटीपण शुद्ध भाषेत करायची?"

काका हसले नाहीत. त्यांनी नमुना पुढे ठेवला आणि तिने तो उतरवून काढला. सगळ्यांनीच काढला. प्रत्येक पत्र काका नमुन्याशी ताडून बघत. एखादा शब्द सुटला तर पत्र परत. छापखान्यात पहिली प्रत आणि शेवटची प्रत एकसारखी निघाली नाही, तर बोलणी मुद्रितशोधकाला बसायची. एकोणीस दिवसांत चारशे बारा पत्रं झाली, शब्दाला शब्द सारखी. काकांनी ती स्वतः नेऊन सचिवालयाच्या आवक खिडकीत दिली आणि पोच घेतली.

चार महिन्यांनी समितीचा अहवाल आला. परिशिष्टात, सत्त्याऐंशी क्रमांकावर, त्यांच्या वस्तीची नोंद होती. 'नागरिक, समान मजकूर. निवेदने: १.' काकांना तो मुद्रणदोष वाटला. त्यांनी सचिवालयात फोन लावला.

"एक नाही, चारशे बारा. आकडा चुकलाय."

"आकडा बरोबर आहे," पलीकडचा कारकून म्हणाला. "मजकूर एकच असला की निवेदन एकच धरतात."

"पण माणसं चारशे बारा आहेत."

"माणसं निवडणुकीत मोजतात, काका. समिती म्हणणं मोजते." मग तो जरा नरमला. "नदीपलीकडच्या एका गावातून सतराच पत्रं आली होती. वाकडीतिकडी, वहीच्या पानांवर. पण प्रत्येकात वेगळं काहीतरी होतं. कुणाची आई नावेत बेशुद्ध पडली, कुणाची शेवटची बस चुकली. सतरा नोंदी झाल्या. त्यांचं केंद्र विलीनीकरणातून वगळलंय. पान एकेचाळीस."

काकांनी पान एकेचाळीस उघडलं. होतं.

विधेयक पुढच्या अधिवेशनात मंजूर झालं. काका पास काढून प्रेक्षक सज्जात बसले होते. खंड बारा ते एकोणीस एकत्रच मतास टाकले गेले. 'होय'चा आवाज झाला, 'नाही'चाही झाला, अध्यक्षांनी खंड संमत झाल्याचं सांगितलं. बाहेर यायला काकांना त्याहून जास्त वेळ लागला.

दीड महिन्यात केंद्राला कुलूप लागलं. काकू पहाटे पाचच्या बसने जाऊ लागल्या, काका सोबत. परतताना त्या खिडकीला डोकं टेकून असत.

मग कायद्याखालच्या नियमांचा मसुदा निघाला. हरकतींना तीस दिवस. रुग्णांसाठी गाडी द्यावी, एवढी तरी मागणी यात बसत होती. काका पुन्हा दारोदार फिरले.

"आपापल्या शब्दांत लिहा," ते सांगत.

"तुम्हीच द्या ना लिहून. मागच्यासारखं उतरवून काढू."

"उतरवायचं नाही. तुमचं काय होतं ते लिहा."

"आमचं काय होतंय? होईल ते होईल. मागच्या वेळी हात दुखेपर्यंत लिहिलं, काय झालं?"

शिवणवालीने शिवणयंत्रावरून मान वर केली नाही. "माझं लिहिलेलं होतं की. तुम्हाला चाललं नाही."

"तेच पाठव. आहे का?"

"काका, भाऊ गेला त्याला तीन आठवडे झाले. आता कुणाच्या उलट्या लिहू?"

काका दारात उभे राहिले. समाचाराला आले होते तेव्हा ते याच जागी उभे होते.

मुदतीत सहा पत्रं गेली. त्यातलं एक काकूंनी सांगितलं आणि काकांनी त्यांच्याच शब्दांत उतरवलं. पायात गोळे येतात, उलटी आवरत नाही, बसचा चालक गाडी थांबवत नाही. अंतिम नियमांसोबत नोंदींची यादी आली. सहा पत्रांच्या सहा नोंदी, प्रत्येकीपुढे तोच शेरा: 'विचारात घेतले. बदलाची आवश्यकता नाही.'

काकूंनी आता बुधवार सोडला आहे. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी रागावून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आठवड्यात तिसऱ्यांदा बसवत नाही हो त्या बसमध्ये." डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. काकांनी परतीच्या बसची वेळ बघितली.