ताईला कुणी विचारलंच नव्हतं

पोहण्याच्या तलावावर पोरींना शिकवण्यात ताईचं अर्धं आयुष्य गेलं. पाण्याला भिणारी पोरगी तिचा हात धरला की निर्धास्त व्हायची. पण कॅन्सरमुळे डावा स्तन काढला आणि ती पाण्यात उतरेनाशी झाली. पोहण्याच्या कपड्यात एक बाजू सपाट दिसे. खांद्यावर टॉवेल घेऊन ती काठावरूनच शिकवे.

परदेशात राहणाऱ्या धाकट्या बहिणीलाही हाच आजार झाला होता. ती सुट्टीला आली. ती कपडे बदलताना ताईची नजर तिच्या छातीवर खिळली.

"तुझाही काढला होता ना गं?"

"काढला. त्याच ऑपरेशनमध्ये नवा करून दिला. खर्च विम्यातून गेला. तुला नाही विचारलं?"

"जीव वाचला, आणखी काय हवं, म्हणाले. मलाही वाटलं, या वयात नखरे कशाला."

"नखरे कसले, ताई?" धाकटीने तिचा हात आपल्या छातीवर ठेवला. "पण खरं सांगू? मला इथे स्पर्श कळत नाही. तिकडे बहुतेकजणी करतात, म्हणून मीही हो म्हटलं. नकोही म्हणता येतं, हे मला कुणी सांगितलं नाही."

धाकटी परत जाण्याआधी दोघी ताईच्या सर्जनकडे गेल्या. आता करता येईल का, असं ताईने विचारलं.

"येईल, पण इथे होत नाही. मोठ्या शहरात जावं लागेल."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"बायका विचारत नाहीत, म्हणून आम्हीही सांगत नाही. चुकलंच."

मोठ्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. नव्या स्तनासाठी पाठीचा स्नायू पुढे आणता येतो, नाहीतर पोटावरची चरबी वापरता येते. काहीच केलं नाही तरी बिघडत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. ताईने घरी जाऊन पुष्कळ विचार केला.

"पाठ मला पोहायला लागते," पुढच्या भेटीत ती म्हणाली. "पोट घ्या. इतकी वर्षं पोसलंय, एकदाचं कामाला येऊ दे."

पोटाची जखम भरायला वेळ लागला. खोकला आला तरी जीव कळवळायचा. सगळं बरं झाल्यावर एका सकाळी तिने धाकटीला फोन लावला.

"कसा झालाय गं?"

"जरा वर बसलाय. आणि तुझ्यासारखाच मुका आहे, हात लावला तरी कळत नाही."

"वाईट वाटतंय?"

"नाही. आज पाण्यात उतरले होते."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.