नव्या लायनरखालची पावलं

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पांना मी कायम हसत आलोय. जन्म मिरजेचा, नोकरी चंदीगडला सेक्टर तीसमध्ये, मोजमापाची उपकरणं दुरुस्त करण्यात उभं आयुष्य गेलं. कुणी ‘अनुभव आला’ म्हटलं की मी विचारायचो, “रात्री जेवायला काय होतं?” आता तुम्ही मला विचारा... खुशाल विचारा.

आमच्या घरामागे छोटा स्वीमिंग पूल आहे. श्रीमंती थाट वगैरे काही नाही हो, खाली दाबून बसवलेली वाळू आणि वर निळ्या व्हिनाइलचं अस्तर, म्हणजे लायनर. हा सगळा खटाटोप मी बायकोसाठी, नलूसाठी केला. तिला पोहायला शिकायचं होतं, आणि पाण्याची भीती तर अशी की विचारू नका! भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी काठ धरून बाई खेकड्यासारखी आडवी सरकायची. मी मध्यभागी हात पसरून उभा.

“नलू, सोड गं भिंत, मी आहे ना!”

“तुम्ही आहात म्हणूनच भीती वाटते,” ती म्हणायची. “पुढच्या उन्हाळ्यात नक्की हं, अहो.”

असे कितीतरी उन्हाळे गेले. मग एका थंडीत नलूच गेली. मी पूल रिकामा करून टाकला, त्या बाजूचा दरवाजासुद्धा उघडायचो नाही. उन्हाने लायनर तडकला. यंदा मुलीचा, मृणालचा फोन आला — “बाबा, आम्ही मेमध्ये येतोय, इरानं पूल-पूल करून डोकं खाल्लंय.” मागून नात ओरडली, “आजोबा, पानी भर के रखना, पक्का!” नाही कसं म्हणणार?

इंडस्ट्रियल एरियातून गुरमीत नावाचा कॉन्ट्रॅक्टर माणसं घेऊन आला. त्यांनी जुना लायनर कापून काढला, वाळू पुन्हा दाबून सारखी केली. माझी खोड तुम्हाला माहीत नाही... सकाळच्या तिरप्या उन्हात मी काठावरून सगळा तळ निरखून पाहिला. एक खळगा नाही, एक ठसा नाही. लगेच, माझ्या डोळ्यांदेखत, माणसांनी काठावर उभं राहूनच नवा लायनर आत सोडला. खाली कुणीही उतरलं नाही. मग लायनरच्या मागची हवा ओढणारं मशीन लावलं. हवा निघाली की लायनर तळाला असा चिकटतो, की खाली साधा खडा असला तरी वर दिसतो.

सुरकुत्या गेल्या — आणि उथळ बाजूला पावलं दिसायला लागली.

“ओए, अंदर कौन गया था?” गुरमीत आपल्या माणसांवर खेकसला. सगळे शपथा घ्यायला लागले.

मी तिथेच खाली बसलो. अनवाणी, लहानशी पावलं. भिंतीला लागून, भिंतीकडे तोंड करून. एक पाऊल, त्याला चिकटून दुसरं, पुन्हा थोडं सरकून एक. अशी चाल जगात किती जणांची असेल हो?

पण पुढे ती वळली होती! पाठ भिंतीकडे, तोंड मध्याकडे, मी उभा असायचो तिकडे. तीन-चार पावलं सरळ. आणि मग काहीच नाही. तळ खोल व्हायला लागतो त्याच्या बराच अलीकडे पावलं संपली होती. पुढे नुसता सपाट निळा तळ.

“अंकलजी, ये यहाँ से गया कहाँ? वापसी के निशान ही नहीं हैं,” गुरमीत म्हणाला.

“तैर के गई,” मी म्हणालो. तोंडून निघून गेलं.

तो बिचारा लायनर उचलून वाळू पुन्हा सारखी करून देणार होता. मी हात जोडले, म्हटलं रहने दो जी, पानी छोड़ दो.

वाळू खचली असेल, हवेचा दाब कमी-जास्त झाला असेल... सगळे तर्क लावून झाले, एकही टिकत नाही. पण खरं सांगू? भीती अजिबात वाटली नाही, राग आला. तिचा राग! इतकी वर्षं मी पाण्यात हात पसरून उभा राहिलो, आणि बाईने भिंत सोडली ती नेमकी मी मध्ये उभा नसताना. एकदा, फक्त एकदा तिला पोहताना बघायचं होतं हो मला.