भोपळ्या शांत बसायला शिकला

मोठ्या इस्पितळाच्या जुन्या लिफ्टवर मामाची ड्यूटी असायची. खरं तर तो एकाच मुलीचा मामा. पण ती लहानपणी त्याचा डबा घेऊन यायची आणि लिफ्टच्या दाराशी उभी राहून “मामा” अशी हाक मारायची, तेव्हापासून नर्सपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचाच तो मामा झाला. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर “राहून गेलं” एवढंच म्हणायचा. ताईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्याची एक खोली होती आणि त्या खोलीत भोपळ्या.

भोपळ्या मुळात भाचीचा. कॉलेजात असताना कचराकुंडीमागून तिनं ते पिवळट, गोल गरगरीत पिल्लू उचलून आणलं. ताईला घरात कुत्रं नको, म्हणून त्याची रवानगी मामाकडे झाली. रोज संध्याकाळी भाची यायची, त्याच्याशी लोळून मस्ती करायची, मामाच्या हातचा चहा प्यायची आणि दिवसभराचं सगळं सांगून मोकळी व्हायची. मग तिला लांबच्या शहरात नोकरी लागली. “थोडे दिवस सांभाळ रे,” म्हणून ती गेली. थोड्या दिवसांची वर्षं झाली. फोन यायचा, पण फोनवर चहा पिता येत नाही.

मोठ्या सुट्टीत सगळं गणगोत ताईकडे जमायचं. गेल्या वर्षी भाची येणार म्हणून मामा भोपळ्याला घेऊन गेला. तिची सुट्टी ऐनवेळी रद्द झाली आणि इकडे भोपळ्यानं घर डोक्यावर घेतलं. दाराची बेल वाजली की भुंकणं, पोरं पळाली की त्यांच्यामागे धावणं. शेवटी भाऊजींच्या आत्याबाईंच्या अंगावर त्यानं अशी उडी मारली, की त्या सोफ्यात आणि त्यांचा चष्मा सोफ्याखाली. ताईनं दारापर्यंत येऊन सांगितलं, “तू हक्कानं ये बाबा. पण याला परत आणू नकोस.”

यंदा भाचीचा फोन आला. “मामा, या वेळी नक्की येतेय. भोपळ्याला आण हं.”

“आणतो की,” मामा म्हणाला आणि फोन ठेवल्यावर डोक्याला हात लावून बसला.

ताईची खूप मनधरणी केल्यावर ती म्हणाली, “एक वेळ बघू. काही गडबड झाली तर जिना उतरायचा.”

मामानं जुनी चादर घडी करून कोपऱ्यात अंथरली. भोपळ्या तिच्यावर बसला की चिकनचा उकडलेला तुकडा, उठला की काही नाही. “जा” म्हटल्याशिवाय उठायचं नाही. हे तो पटकन शिकला. तुकड्यासाठी त्यानं पाढेही पाठ केले असते. मग मामानं इस्पितळाच्या कँटीनमधला गलका मोबाईलवर भरून आणला आणि भोपळ्या जेवत असताना हळू आवाजात लावू लागला. रोज आवाज थोडा वाढवायचा. तेही जमलं. तेव्हा मामाला वाटलं, आता काय, किल्ला सर. त्यानं एका सुट्टीच्या दिवशी वॉर्डातल्या नर्सबाई, वॉचमन, धोबी अशा सगळ्यांना एकदमच चहाला बोलावलं.

भोपळ्या भुंकलाही नाही. सरळ खाटेखाली गेला आणि भिंतीला चिकटून थरथरत राहिला.

नर्सबाई वाकून बघत म्हणाल्या, “अहो मामा, हा घाबरलाय. आम्ही दंगेखोर समजत होतो.”

मामाही तसंच समजत होता. लोक गेल्यावर तो फरशीवर आडवा झाला, हात खाटेखाली घातला आणि लिफ्ट मध्येच अडकल्यावर आतल्या माणसांशी बोलतो तसा बोलत राहिला. हळू, सलग, काहीबाही. “थांब जरा, काही होत नाही, मी आहे ना इथे.” बऱ्याच वेळानं ओलं नाक हाताला लागलं.

त्यानंतर घाई नाही. एका वेळी एकच पाहुणा, त्यानंही भोपळ्याकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही. मग दोन. वॉचमन बेल वाजवून वाजवून कंटाळला. “मामा, लेकाच्या परीक्षेला एवढी मेहनत घेतली नाही मी,” तो म्हणायचा. सुट्टी लागेपर्यंत भोपळ्या बेल वाजली की आपणहून चादरीवर जाऊन पडू लागला.

ताईकडे जायच्या सकाळी मामानं त्याला खूप लांबवर फिरवून दमवलं. चादर काखेत मारून नेली आणि ये-जा नसलेल्या कोपऱ्यात अंथरली. पोरांना ताकीद दिली. माणसं येत राहिली, खुर्च्या सरकल्या, हसणं-खिदळणं सुरू झालं. भोपळ्या पंजांवर हनुवटी टेकून पडून होता. आत्याबाई चष्मा हातात धरूनच आत आल्या, लांबूनच बसल्या आणि तासाभरानं म्हणाल्या, “याला औषध-बिवषध दिलंयस का रे?”

ताईसुद्धा हसली.

आणि बेल वाजली. बॅग दारातच टाकून भाची आत आली. वाळली होती, केस कापले होते. कुणाशी बोलायच्या आधी तिनं हाक मारली, “भोपळ्या!”

भोपळ्याचं सगळं अंग हललं. शेपटी फरशीवर आपटायला लागली, घशातून बारीक आवाज आला. पण तो उठला नाही. मान वळवून मामाकडे बघत राहिला.

मामानं वर्षभर हाच क्षण डोळ्यांपुढे आणला होता. त्यात कुत्रा नेहमी झेप घ्यायचा. आता “जा” एवढंच म्हणायचं होतं, पण तो भोपळ्याकडेच बघत राहिला. भाची तशीच हात पुढे करून उभी. शेवटी कसंबसं “जा” म्हणून झालं आणि भोपळ्या तिच्या गळ्यात पडला.

जेवणं झाल्यावर ती गॅलरीत मामाशेजारी येऊन बसली.

“तिकडे नवं घर घेतलंय भाड्यानं. कुत्रा चालतो म्हणाले.”

“बरं झालं.”

“न्यायलाच आले होते, मामा. पण मी बोलावलं, तर तो तुझ्याकडे बघत होता.”

“अगं, ते शिकवलेलं आहे. दोन दिवसांत तुझं ऐकेल. घेऊन जा.”

“तू काय करशील मग?”

मामाला म्हणायचं होतं, तूच राहा. तो म्हणाला, “ड्यूटी असते की मला.”

तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. “राहू दे त्याला,” म्हणाली.

परतीच्या दिवशी तो आणि भोपळ्या तिला बसवर सोडायला गेले. स्टँडवर मरणाची गर्दी, हॉर्न, बॅगा, रडणारी पोरं. भाचीनं खिडकीतून हात केला. बस मागे सरली, वळली, फाटकाबाहेर गेली. भोपळ्या मामाच्या पायाशी शहाण्यासारखा बसून होता. निदान आज तरी यानं पट्टा तोडून त्या बसमागे धावावं, असं मामाला फार वाटलं. मग दुपारच्या पाळीची वेळ होत आली, म्हणून तो चालायला लागला.