हौद्यातल्या द्वारकाबाई

माणसाला स्वतःच्या तक्त्याचा अभिमान असावा, पण किती असावा, हे मला करमाडच्या द्वारकाबाईंनी शिकवलं. मी इंजिनिअर आहे. बांधकामावर जायचं, सळया तपासायच्या आणि 'टाका स्लॅब' म्हणायचं, हा माझा धंदा. आमच्या घराण्यात आधी पोथ्या वाचायचे, मग सरकारी फायली वाचू लागले. मी एक्सेल वाचतो. घरात म्हणतात की भाजी आणायला पाठवलं तरी हा आधी तक्ता करील. यात टिंगल किती आणि खरं किती, ते सोडून देऊ.

द्वारकाबाईंचे यजमान रामकिसनराव स्लॅब टाकून देतात. स्वतःचं मिक्सर मशीन, वीस-बावीस जणांची टोळी आणि मशीन ओढायला एक डिझेल पिकअप, एवढा त्यांचा पसारा. टोळीतले गडी मोटारसायकलींवर येतात. द्वारकाबाईंसकट आठ बाया पिकअपच्या हौद्यात बसतात, आणि त्यांच्या मागं दांडीला अडकवलेला मिक्सर हेलकावे खात येतो. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत, हे मला ठाऊक आहे, रामकिसनरावांना ठाऊक आहे आणि नाक्यावरच्या हवालदारालाही ठाऊक आहे. तरी बाया हौद्यातच बसतात.

रामकिसनराव अबोल. कुणी रेट पाडून मागितला तर नुसते आभाळाकडे बघतात. टोळी खरी चालते ती द्वारकाबाईंच्या आवाजावर. मिक्सरमध्ये एका सिमेंटच्या पोत्याला वाळूची पाच घमेली आणि खडीची दहा, असं आमचं माप. ते मोजायचं काम त्यांचं. पहिल्या घमेल्याला त्या 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. धान्य मोजताना पहिल्या मापाला म्हणतात तसं. लाभ, दोन, तीन, चार... आणि दहा झाले की "वता सिमिट!" ही आरोळी तिसऱ्या मजल्यावर उभ्या असलेल्या मला स्पष्ट ऐकू येते. सहा वर्षं मी त्यांच्या मोजणीवर डोळे मिटून विश्वास ठेवत आलो आहे. खडीचं एक घमेलं इकडचं तिकडं झालं तर त्याची शिक्षा पुढं वीस वर्षं त्या घरातली माणसं भोगतात, हे त्यांना माझ्याइतकंच कळतं. कॉलेजात मात्र त्या गेलेल्या नाहीत.

मागच्या वर्षापासून त्यांना खोकला लागला. आधी सर्दी, मग ऋतू बदलला, मग लग्नातलं तेलकट, अशी कारणं निघत गेली. शेवटी रामकिसनरावांनी त्यांना शहरात छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "धूळ आणि धूर बंद करा. नाहीतर काम बंद करा." धुळीसाठी द्वारकाबाईंनी नाकातोंडाला ओढणी बांधली. धुराचं काय, तर डॉक्टरांनी विचारलं, "घरी चूल आहे का?" रामकिसनराव म्हणाले, "नाय साहेब, गॅस हाय." मग धुराचा प्रश्न तिथंच मिटला. निदान सगळ्यांना तसं वाटलं.

पण खोकला काही मिटला नाही. दिवाळीनंतर चिकलठाण्याच्या एका स्लॅबवर मी वर उभा होतो. खालून आवाज येत होता, "पाच, सहा, सात..." आणि मग नुसता खोकला. एक बाई म्हणाली आठ झाले, दुसरी म्हणाली नऊ. मी खाली उतरलो आणि मिक्सरमधला तो अख्खा घाणा फेकायला लावला. द्वारकाबाई बाजूला बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "शंतनूसाहेब, माझ्यापायी तुमचा माल गेला." मालाचं मला काही वाटलं नाही. पण हात जोडून बोलल्या, ते लागलं.

त्या संध्याकाळी रामकिसनराव मला हळूच म्हणाले, "आवंदा तिला घरी बसवावं म्हंतो." द्वारकाबाईंनी ते ऐकलं. त्यांनी घमेली इतक्या जोरात एकात एक घातली की सगळी टोळी वळून बघायला लागली. घरी बसणं म्हणजे काय, ते त्यांनी आपल्या थोरल्या जावेच्या बाबतीत पाहिलं होतं. गेली चार वर्षं जाऊबाई ओट्यावर बसून रस्त्यानं कोण गेलं ते सांगत होत्या. दुसरं त्यांना काही उरलं नव्हतं.

अशात जुन्या पिकअपनं मान टाकली. वेरूळला एका लॉजचा मोठा स्लॅब पंधरा दिवसांवर आला होता. रामकिसनरावांना दुसरी गाडी घेणं भाग होतं, आणि त्यांनी मला विचारलं, "साहेब, गॅसची घ्यावी का डिझेलची?"

असा प्रश्न मला विचारणं म्हणजे घरच्यांच्या भाषेत माकडाच्या हाती कोलीत. मी दोन रात्री... नाही, खरं सांगतो, तीन संध्याकाळी बसून तक्ता केला. त्यात चौदा ओळी होत्या. ओढायची ताकद, चढावरचा गिअर, सीएनजीच्या टाकीनं अडलेली जागा, पंपावरची रांग, दुरुस्ती, टायर, पुन्हा विकली तर येणारी किंमत, सगळं. मिक्सरचं वजन मी कंपनीच्या पाटीवरून घेतलं आणि वर त्याला चिकटलेल्या जुन्या काँक्रीटचंही धरलं. एवढा बारकाईनं विचार केल्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो.

जालना रोडवर जुन्या गाड्यांचा धंदा करणारे कडुबाशेठ रामकिसनरावांच्या ओळखीचे. त्यांच्याकडं दोन पिकअप होत्या, एक गॅसची आणि एक डिझेलची, दोन्ही तीन-चार वर्षं वापरलेल्या. रामकिसनरावांनी अट घातली की मिक्सर जोडून घाट चढवून बघितल्याशिवाय बोलणं नाही. कडुबाशेठ म्हणाले, "दोन्ही घिऊन चला. म्या बी येतो. लई दिवसांत घृष्णेश्वराचं दर्शन नाय झालं."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. बायांच्या वजनाइतकं ओझं हवं, म्हणून मी हौद्यात वाळूची पोती टाकायला सांगितलं होतं. आठ बायांची आठ पोती. निघता निघता द्वारकाबाई नवं लुगडं नेसून आल्या. "म्या बी येते दर्शनाला," म्हणाल्या. मी पुढं बसा म्हटलं, तर म्हणाल्या, "नगं. मला पुढं कोंडल्यावानी व्हतं. माझी जागा मागंच." रामकिसनराव वजनाच्या बाबतीत काटेकोर माणूस. त्यांनी लगेच हाक मारली, "मग एक पोतं उतरवा." एक पोतं उतरलं आणि त्या जागी द्वारकाबाई बसल्या. मी तक्त्याच्या कोपऱ्यात टीप लिहिली, 'वजन तेवढंच.'

जाताना मिक्सर गॅसच्या गाडीला लावला. रामकिसनराव चालवत होते, मी शेजारी. कडुबाशेठ डिझेलची गाडी घेऊन पुढं गेले. दौलताबादपर्यंत गाडी छान चालली. घाट लागला तशी ती कुरकुरायला लागली. दुसरा गिअर पुरेना, मग पहिला. मागं एसटी, तिच्यामागं पर्यटकांच्या गाड्या आणि सगळ्यांचे भोंगे. रामकिसनरावांच्या कपाळावर घाम. मागच्या काचेतून द्वारकाबाईंचा आवाज अखंड येत होता. आधी त्या फोनवर बहिणीशी बोलल्या, मग एसटीच्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "आरं, दम धर की! तुला काय मुंडावळ्या बांधायच्यात का तिकडं जाऊन?" नंतर काहीतरी गुणगुणतही होत्या. मला त्या आवाजाचा थोडा त्रासच झाला, कारण मी इंजिनचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो. घाट चढायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. मी तक्त्यात गॅसपुढं फुली मारली.

वेरूळला दर्शन झालं. लॉजची जागा बघितली, भाकरी खाल्ली. परतताना मिक्सर डिझेलच्या गाडीला जोडला आणि सातही पोती तिच्यात हलवली. वेरूळहून वर यायचा चढ तसा खडा. ती गाडी मात्र उतारावरून जावं तशी चढली. तिसरा गिअर, वळणावर दुसरा, की पुन्हा तिसरा. रामकिसनरावांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसू दिसलं. "हिला म्हंत्यात गाडी," ते म्हणाले. मी म्हटलं, "आणि बघा, मागंही कसं निवांत आहे." खरंच, मागून अवाक्षर येत नव्हतं. मला वाटलं, जेवण अंगावर आलं असेल, डोळा लागला असेल.

वर खुलताबादच्या अलीकडं रामकिसनरावांनी गाडी बाजूला घेतली. कडुबाशेठही थांबले. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभं राहून डिझेलचं कौतुक करत होतो आणि मी चौदा ओळींची बेरीज वाचून दाखवत होतो. तेवढ्यात द्वारकाबाई हौद्यातून उतरल्या. उतरल्या म्हणजे चाकावर पाय ठेवून कशाबशा खाली आल्या आणि मैलाच्या दगडावर बसल्या. खोकत होत्या. एवढा खोकला मी त्यांना आधी कधी येताना पाहिला नव्हता. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लुगड्याचा पदर, आणि त्या नव्या लुगड्यावर काळी बारीक भुकटी बसलेली. रामकिसनराव पाण्याची बाटली घेऊन धावले.

श्वास आल्यावर त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडं बोट केलं. "काय निगालं त्यात?"

"डिझेल," मी म्हटलं.

"कुणाला इचारून?"

मी पुन्हा कागदाकडं बघितलं.

"पोतं उतरवून मला बसवलं," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता, पण एकेक शब्द नीट होता. "तवा इचारायचं बी पोत्यालाच व्हय? अठरा वर्सं झाली, चढ लागला की समदा धूर वळून हौद्यात येतो. मिक्सर आडवा असतो मागं, धुराला जायला वाट नाय. जुन्या गाडीत मला वाटायचं, गाडी म्हातारी झाली म्हणून. हिच्यात बी तेच. आन् सकाळच्या गाडीत म्या निस्ती बोलत आले, ध्यानात आलं का कुणाच्या?"

कडुबाशेठ चाचरत म्हणाले, "वहिनी, पंप साफ केला की हिला धूर नाय ऱ्हाणार."

"ती म्हातारी इकतानाबी तुमी हेच म्हनला व्हता, कडुबाभाऊ."

रामकिसनराव खाली बसले. एवढा अबोल माणूस, पण तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "डाक्टरनं धूर म्हनलं आन् म्या चुलीकडं बघत बसलो." मग बायकोकडं बघून, "आगं, तू बोलली का नाय कदी?"

"गाडीतलं मला काय कळतंय म्हणून," त्या म्हणाल्या. "तुमीच म्हंता की."

मला लाज वाटली. ती अशी लाज की कागदाची घडी करून खिशात घालायलाही हात वळेना. चौदा ओळी लिहिल्या, टायरची ओळ लिहिली, पण हौद्यात बसणाऱ्या माणसांची ओळ मला सुचली नव्हती. आम्ही दोघं पुढं बसून गाडी पारखत होतो आणि मागं माणसांच्या जागी पोती ठेवली होती. पोती खोकत नाहीत, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

तिथून पुढं मिक्सर पुन्हा गॅसच्या गाडीला लावला, पोतीही तिच्यात हलवली. मी पुढं बसलो नाही, हौद्यात बसलो, वाळूच्या पोत्यावर, द्वारकाबाईंच्या शेजारी. त्यांनी मला सावंगीच्या एका मुलीचं स्थळ सांगितलं. माझं लग्न होऊन आठ वर्षं झाली आहेत, हे त्यांना माहीत आहे. "तुमच्यासाठी नाय, तुमच्या ओळखीत कुणी असंल तर," म्हणाल्या. बोलताना खोकल्या, पण थोड्याच.

दोन दिवसांनी रामकिसनरावांचा फोन आला. "गॅसची घेतली."

"घाटाचं काय?" मी विचारलं.

"अर्धा तास आदी निघू. घाट कुठं पळून चाललाय?"

वेरूळच्या स्लॅबच्या दिवशी मी साडेसहालाच पोचलो होतो. लॉजचे मालक नारळ घेऊन उभे. सात वाजले, टोळीतले गडी मोटारसायकलींवर आले, पण मशीनचा पत्ता नाही. मालक घड्याळ बघायला लागले. सव्वासात झाले. मी त्यांना म्हटलं, "येतील. पंपावर रांग असेल." बावीस वर्षांत रामकिसनराव कुठल्या स्लॅबला उशिरा गेले नव्हते, आणि ते त्यांना किती लागत असेल, याची मला कल्पना होती. तेवढ्यात गाडी दिसायच्या आधी वळणापलीकडून द्वारकाबाईंचा आवाज आला. त्या कुणा बैलगाडीवाल्याला बाजू द्यायला सांगत होत्या, त्याच्या बैलांच्या अख्ख्या खानदानाची चौकशी करत.

रामकिसनराव खाली उतरले आणि मालकांना म्हणाले, "उशीर झाला. माफी असावी." त्यांनी असं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. चेहऱ्यावर मात्र त्याचं दुःख कुठं दिसेना.

नारळ फुटला. मिक्सरला हळद-कुंकू लागलं. द्वारकाबाई या वेळी मशीनच्या तोंडाशी उभ्या राहिल्या नाहीत. वाऱ्याच्या वरच्या बाजूला खडीच्या ढिगावर उभ्या राहिल्या, ओढणी नाकावर बांधून. जागा रामकिसनरावांनी स्वतः दाखवली होती. मी वर सळयांवर चढलो. मोजायला माणूस होतं, तरी त्या दिवशी मीही मनात मोजत होतो, आणि सातावर येऊन थांबलो.

"सात," खालून आवाज आला. "आठ. नऊ. धा. वता सिमिट!"

आणि लगेच पुढचं घमेलं उचललं गेलं. "लाभ!"