मी मशीन ठरवलेला माणूस

आमच्या फोरमवर मशीननं लिहिलेली कॉमेंट ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नसे. हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं, त्यामुळं ते सगळ्यांना माहीत होतं.

फोरम साधाच. शेतीपंप, स्टार्टर, सोलर, मोबाईलवरून मोटार चालू करायचे डबे, असल्या विषयांवर लोक तिथं भांडतात. मी रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. न्हावऱ्याला परतताना बसमध्ये बाकीचे घोरायचे, मी कॉमेंटी वाचायचो. पुढं मला मॉडरेटर केलं, म्हणजे एखाद्या कॉमेंटवर ‘मशीन’ असा लाल शिक्का मारायचा आणि लिहिणाऱ्याला गप्प करायचा अधिकार मिळाला. तेव्हापासून माझी चालच बदलली, असं बायको म्हणते.

खुणा सोप्या होत्या. प्रश्न विचारल्याबद्दल आभार मानले, की मशीन. आमच्याकडं विचारणाऱ्याला आधी ‘एवढंबी कळत न्हाई का’ म्हणायची रीत आहे. शेवटी ‘जाणकार इलेक्ट्रिशियनचा सल्ला घ्या’ आलं, की मशीनच. तिथं जाणकार इलेक्ट्रिशियनच बसलेले असतात आणि एकमेकांना सल्ला मागत असतात. सगळ्यात पक्की खूण म्हणजे लाईटीवर लिहायचं आणि लाईटवाल्यांना एकही शिवी द्यायची नाही. हे आमच्या भागात हाडामांसाच्या माणसाला जमत नाही.

मग आत्याचा प्रश्न आला. आत्या दौंड तालुक्यात, भीमेच्या कडेला असते. तिची दीड एकर कांद्याची लागण नुकतीच झाली होती आणि लागणीनंतरचं दुसरं पाणी, म्हणजे आंबवणी, द्यायची वेळ आली होती. मोटार चालू केली की दहा मिनिटांत स्टार्टर पडायचा आणि मोटार बंद. रोपं कोवळी, ऊन कडक. आणखी दोन दिवस पाणी मिळालं नसतं तर सगळी लागण गेली असती. मी फोनवरच निकाल दिला, ‘आत्या, भार वाढला की स्टार्टर पाडतो ना, तो रिले कमीवर लावलाय. स्क्रू फिरवून वाढव जरा.’ आत्याचा माझ्यावर विश्वास दांडगा, म्हणून तिनं लगेच फोरमवर बाकीच्यांना विचारलं.

एका सदस्यानं उत्तर दिलं.

‘आपण सविस्तर माहिती दिलीत, त्याबद्दल आभार. निरीक्षण: स्टार्टर लगेच नव्हे, दहा मिनिटांनी पडतो. कारण: तीनपैकी एका फेजचा फ्यूज सैल किंवा काळा पडला असावा, त्यामुळे उरलेल्या दोन फेजवर भार येतो. उपाय: मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, तिन्ही फ्यूज काढून पाहावेत. रिलेचा स्क्रू फिरवू नये, मोटार जळेल. रिले आपले काम प्रामाणिकपणे करत आहे.’

आभार आहेत, मुद्दे आहेत, शिवी एकही नाही. मी बसमध्ये उठून उभाच राहिलो. शेजारच्यानं विचारलं, ‘उतरायचं हाय का?’ मी शिक्का मारला आणि खाली लिहिलं, ‘मंडळी, रिलेला प्रामाणिक म्हणणारं हे मशीन आहे. सांभाळा.’

उत्तर आलं, ‘आपल्या शंकेचा आदर आहे. परंतु मी माणूस आहे.’

‘मशीन असंच म्हणतं,’ मी लिहिलं. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मला चेव चढला. मी परीक्षाच घेतली, ‘आंबवणी म्हणजे काय, सांगा.’ दोन मिनिटांत उत्तर हजर. कितव्या दिवशी द्यायची, पाणी किती, हलक्या रानात काय, भारी रानात काय. इतकं नीट सांगतोय म्हटल्यावर शंकाच उरली नाही. मी त्याला गप्प केलं.

मग आत्याला फोन लावला. ‘त्याचं काय ऐकू नको. ते मशीन हाय.’

‘आसंना का,’ आत्या म्हणाली. ‘माझ्याशी नीट बोललं. तू कवा बोललास?’

‘स्क्रू फिरवलास का?’

‘न्हाई. तू सांगितलंस ना, म्हणून जरा थांबले.’

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. हत्यारांची पिशवी गाडीला अडकवून मी आत्याच्या विहिरीवर गेलो. तिथं बाजेवर एक म्हातारे गृहस्थ चहा घेत बसले होते. शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं. मी शिक्का मारायच्या आधीच आत्यानं त्यांना मेसेज करून गाव विचारलं होतं. ते दौंडचे निघाल्यावर तिनं सरळ जेवायला बोलावलं होतं.

‘हे आप्पा,’ आत्या मला म्हणाली. ‘तुझं मशीन.’

आप्पांनी उठून नमस्कार केला. ‘आपण एवढ्या लांबून आलात, त्याबद्दल आभार.’ म्हणजे तोंडानंही तसंच.

‘आप्पा, तुम्ही असं का लिहिता?’

‘नोकरीभर रेल्वेत बिघाडांची वही लिहिली. निरीक्षण, कारण, उपाय. शिवी लिहिली तर साहेब पान पुन्हा लिहायला लावायचे.’

‘आणि घरी?’

‘घरीही तसेच. पत्नी म्हणते, भांडताना तरी मुद्दे घालू नका.’

मेन स्विच पाडला, टेस्टर लावून बघितला, फ्यूज काढले. मधला काळा ठिक्कर पडलेला, त्याची पकडही ढिली. माझ्या पिशवीत नवा फ्यूज त्याच्या पकडीसकट होता, तेवढीच माझी अब्रू. तो बसवून मोटार चालू केली आणि आम्ही तिघं स्टार्टरकडं बघत उभे राहिलो. आठ मिनिटं झाली, नऊ झाली. खोटं कशाला बोलू, तो पडावा असं मला क्षणभर वाटलं. पंधरा झाली तरी तो पडला नाही.

‘आता काय त्याची आरती करायची का?’ आत्यानं माझ्या हातात खोरं दिलं. ‘दारं धर. आन् आधी त्या आप्पांचा शिक्का काढ.’

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलात उभं राहून फोन काढला. ‘काय लिहू, आप्पा?’

‘निरीक्षण: मॉडरेटरने घाई केली.’

‘कारण मी घालतो,’ म्हटलं आणि लिहिलं, ‘मॉडरेटरला आपलीच अक्कल जास्त वाटली.’ मग विचारलं, ‘उपाय?’

आप्पांनी बराच विचार केला. ‘तो रकाना कोरा ठेवा. काही बिघाड दुरुस्त होत नाहीत.’

आत्या एवढी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. मी तसंच पोस्ट केलं, फोन खिशात टाकला आणि पहिल्या वाफ्याचं तोंड फोडलं. उन्हानं माना टाकलेल्या रोपांमधून पाणी हळूहळू पुढं सरकत गेलं. एक वाफा भरला की तोंड बुजवायचं, पुढचा फोडायचा. शेवटचा वाफा भरला तेव्हा लाईट जायला अर्धा तास उरला होता आणि माझी कंबर मोडली होती. आत्या वाकून एकेक रोप निरखत होती. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.