बजेटमधला स्कोप दाखवा!

किस्से जमवायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. दुकानाचं दार उघडलं की एखादा आत येतोच! माणूस सांगतो, “फक्त पाच मिनिटं, एक स्कोप बघायचाय.” मग तो काचेला डोळा लावतो, आणि एकदा डोळा गुंतला की तोंड सुटतं. सहा वर्षांत एवढं ऐकलंय की संजीव, म्हणजे माझा नवरा, जेवताना आधीच विचारतो, “आज कोण?”

मी मिरजेची. ऑप्टिक्समध्ये एम.एस्सी. करून संजीवबरोबर जर्मनीत येनाला आले. या गावात काचेशी संबंध नसलेला माणूस शोधावा लागतो. मुलगी किटात, म्हणजे पाळणाघरात, जायला लागल्यावर मी काम शोधलं, आणि ते मिळालं हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर यांच्या छोट्या दुकानात. आम्ही रायफली विकत नाही. हरणाच्या शिकारीसाठी रायफलीवर बसवायचे स्कोप, हातातल्या दुर्बिणी, जॅकेटं, टोप्या, एवढंच. तेही खिशाला परवडणारं. “ज्यांना महागातलं परवडतं,” हेर लिंडनर म्हणतात, “ते आपल्याकडे येत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे चांगली माणसं येतात!”

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एक धिप्पाड शिकारी आला. मी त्याला दोन स्कोपमधला फरक समजावत होते. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “तुम्ही स्वतः शिकार करता?”

“नाही. मी अंडंसुद्धा खात नाही.”

झालं! त्यानं स्कोप खाली ठेवला आणि सरळ हेर लिंडनर यांच्याकडे वळला. मला वाटलं, नोकरी गेली.

हेर लिंडनर स्क्रू घट्ट करत होते. मान वर न करताच म्हणाले, “तुमचा दाताचा डॉक्टर तुमच्या दातांनी जेवतो का?”

तो परत माझ्याकडे आला. स्कोपही घेऊन गेला!

*

नव्यानं याग्डशाइन, म्हणजे शिकारीचा परवाना, मिळालेल्या माणसाला एकच आकडा कळतो. कितीपट मोठं दिसतं!

असा एक बेकरीवाला आला. “चोवीसपट मोठं दाखवणारा द्या. मला हरणाच्या पापण्या दिसल्या पाहिजेत.”

मी समजावलं की जेवढं मोठं दिसतं तेवढी बघायची जागा लहान होते. पटेना. शेवटी त्याला दाराशी नेलं. समोरच्या भिंतीवर एक मांजर बसलं होतं. म्हटलं, “ते हरीण समजा आणि यातून शोधा.”

तो शोधायला लागला. “वीट... वीट... पाइप... परत वीट... फुलं...” पाय बदलले, श्वास रोखला. “हं, आता कुंडी दिसतेय... मांजर कुठाय?”

“केव्हाच गेलं.”

त्यानं काचेवरून डोळा काढला, रिकाम्या भिंतीकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “तो तीनपटपासून सुरू होणारा दाखवा.”

किंमतही कमी, वजनही कमी. मांजराचे आभार!

*

एक गिऱ्हाईक तीनदा आलं. तक्रार एकच, “आतली नेम धरायची फुली वाकडी बसवलीय.”

तिन्ही वेळा मी स्पिरिट लेव्हल लावून बघितलं. फुली सरळ! तिसऱ्यांदा आमचा दोघांचाही आवाज जरा चढला. तेवढ्यात त्याची बायको गाडीतून उतरून आत आली. दोन मिनिटं तिनं ऐकून घेतलं.

“अहो, फुली सरळच आहे,” ती मला म्हणाली. “याची मान वाकडी आहे. लग्नाच्या फोटोतसुद्धा!”

*

स्कोप कधी दुकानातल्या दिव्याखाली निवडू नये. झगमगाटात सगळेच छान दिसतात. हरीण बाहेर पडतं ते उजेड कमी झाल्यावर, तेव्हा काच बघायची तीही तेव्हाच. म्हणून आमच्याकडे गिऱ्हाइकाला संध्याकाळी बोलवायचं आणि मागच्या अंगणात न्यायचं अशी पद्धत आहे. कुंपणापलीकडे पार्किंग आहे. तिथल्या गाड्यांचे नंबर वाचून दाखवायचे.

एक शाळामास्तरीण होत्या. शिकारी त्या स्वतः, नवरा फक्त ड्रायव्हर. तो गाडीत थांबला होता. बाईंनी आधी महागातला स्कोप लावला, नंबर वाचले. मग स्वस्तातला लावला, आणि नंबर वाचायच्या थांबल्या.

मी विचारलं, “धूसर दिसतंय का?”

“नाही. अगदी स्वच्छ.” त्यांनी फोकस आणखी नीट केला. “गाडीच्या मागे उभं राहून सिगारेट ओढतोय. दोन वर्षांपूर्वी सोडली म्हणाला होता.”

बाईंनी स्कोप शांतपणे माझ्या हातात दिला.

“हाच द्या. आणि पिशवी नको, हातातच नेते.”

*

हेर शूबर्ट रेल्वेतून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना सगळ्यात मोठ्या भिंगाचा स्कोप हवा होता. मित्रांनी सांगितलं होतं की भिंग मोठं तर संधिप्रकाशात जास्त दिसतं. त्यासाठी त्यांनी बरेच दिवस पैसे बाजूला टाकलेले, आणि उन्हाळ्यात नातीकडे जायचंही रद्द केलेलं.

आता मोठं भिंग जास्त उजेड आत घेतं हे खरं. पण तो घ्यायला आपल्या डोळ्याची बाहुलीही तेवढी उघडावी लागते. तरुणपणी उघडते. वय वाढलं की कमी कमी उघडते, आणि मग मोठ्या भिंगाचा जास्तीचा उजेड डोळ्याबाहेरच वाया जातो. हे त्यांना सांगायचं कसं? माझं जर्मन अशा वेळी नेमकं अडखळतं. विकून टाकणं सोपं होतं. पण नात डोळ्यासमोर येत होती.

सांगितलं एकदाचं. त्यांनी मोठा स्कोप काउंटरवर ठेवला.

“म्हणजे मी म्हातारा झालोय.”

“तुम्ही नाही हो. फक्त बाहुली.”

मला वाटलं, दुखावले. पण त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते असे काही हसले की हेर लिंडनर आतून धावत आले.

“गेनाऊ! अगदी बरोबर! गुडघे गेले, कान गेले, केस गेले,” हेर शूबर्ट डोळे पुसत म्हणाले, “आणि आज पहिल्यांदा म्हातारपणानं मला काहीतरी परत दिलं!”

मधल्या भिंगाचा स्कोप घेऊन गेले. उन्हाळ्यात नातीच्या गावाहून पोस्टकार्ड आलं.

*

आपला निखिल साताऱ्याचा, इथे पीएच.डी. करतो. त्याची बायको कात्या जर्मन, आणि सासरा पक्का शिकारी. सासऱ्याबरोबर रानात फिरता फिरता यानंही परवान्याची परीक्षा दिली आणि पास झाला. मग माझ्याकडे आला, “अनघाताई, स्टायपेंडमध्ये बसेल असा स्कोप दे.”

चांगला दिला. चार चार वेळा बजावलं, “डोळा काचेपासून चार बोटं लांब ठेव. गोळी उडाली की रायफल मागे धक्का देते.”

“हो गं ताई, माहितेय.”

दुसऱ्याच शनिवारी उजव्या भुवईवर अर्धचंद्र घेऊन हजर! सरावाच्या मैदानावर पहिल्याच गोळीला स्कोपची कड बसली होती. टाके पडले नव्हते, डोळा शाबूत होता. मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण त्याची काळजी वेगळीच होती. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल असतो.

आमच्याच घरून केला त्यानं कॉल, आधाराला. काकूंना जखम लगेच दिसली.

“काय रे हे? मारामारी केलीस? सासऱ्यानं मारलं?”

“नाही गं आई. दुर्बीण लागली.”

काकू म्हणाल्या, “एवढा शिकलास, आणि दुर्बीण डोळ्याला लावतात की कपाळाला, ते अजून कळेना?”

*

माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी खरी घाबरले होते. त्या विज्ञानाच्या शिक्षिका होत्या, आणि घरात कांदासुद्धा वार बघून. सून दुर्बिणीच्या दुकानात आहे एवढंच त्यांना माहीत होतं. कसल्या दुर्बिणी, ते संजीवनं सांगितलं नव्हतं. मीही नाही.

एके दिवशी माझा डबा राहिला म्हणून त्या स्वतः ट्रॅमनं दुकानात आल्या! भिंतीवर शिंगं, काउंटरवर स्कोप, समोर हिरव्या जॅकेटातली एक तरुण शिकारीण. आईंनी सगळं एका नजरेत टिपलं.

“अनघा, ही दुर्बीण बंदुकीवर बसते?”

“हो आई.”

“हरणं मारायला?”

“हो आई.”

आई त्या मुलीकडे वळून मला म्हणाल्या, “तिला विचार, का मारते?”

मी विचारलं. ती मुलगी गोंधळली नाही. म्हणाली, इथल्या रानात लांडगे नसल्यातच जमा आहेत, हरणं फार वाढली की नवी झाडं उगवूच देत नाहीत. मारणं तिलाही जड जातं. सगळ्यात भीती वाटते ती नेम चुकून जनावर जखमी होऊन पळण्याची. म्हणूनच स्कोप निवडायला तिसऱ्यांदा आलीय.

मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला. आईंनी डबा काउंटरवर ठेवला.

“मग तिला नीट दिसेल असा दे. घाई करू नकोस, मी बसते.”

आणि बसल्या की तासभर! घरी जाताना एवढंच म्हणाल्या, “संजीवला सांगू नकोस मला कळलं म्हणून. लपवू दे त्याला.”

*

आता हेर पोल यांची गोष्ट.

हेर पोल सुतार आहेत. कमी बोलतात. त्यांनी आमच्याकडून साधाच स्कोप घेतला, तीनपासून बारापटपर्यंतचा. मी सगळ्यांना सांगते तेच त्यांनाही सांगितलं. आधी दुर्बिणीनं सगळं बघून घ्या, आणि स्कोप कायम तीनवर ठेवा. मोठं करायचा मोह झाला तरी आधी आजूबाजूला बघा.

सप्टेंबरात एका सकाळी दुकान उघडलं तर ते दारात उभे. सोबत साठीची एक बारीकशी बाई. गडद हिरवं जॅकेट, गडद हिरवी टोपी, हातात टोपली.

आत येऊन हेर पोल यांनी सांगितलं. आदल्या संध्याकाळी ते रानाच्या कडेला मचाणावर बसले होते. उजेड अजून होता. एक नर हरीण बाहेर आलं आणि आडवं उभं राहिलं. दुर्बिणीतून मागची झाडी नीट बघितली होती, हिरवंगार, काही नाही. रायफल उचलली, सेफ्टी काढली. स्कोप तीनवर होता म्हणून हरणाच्या आजूबाजूचंही बरंच दिसत होतं. आणि त्या गोलाच्या अगदी कडेला नेच्यांमध्ये काहीतरी पांढरं हललं.

“हात होता,” हेर पोल म्हणाले. “माणसाचा.”

त्यांनी रायफल खाली ठेवली. गोळ्या काढल्या. मग शिडीवरून उतरून ते नेच्यांकडे गेले.

बाई मशरूम गोळा करत होत्या. हरीण दिसलं म्हणून ते बिचकू नये यासाठी नेच्यांत गुडघ्यांवर बसून राहिल्या होत्या, पाव तास.

“आणि यानं येऊन ते पळवलं,” बाई म्हणाल्या. आवाज करडा होता, पण टोपलीची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

हेर लिंडनर उठले. खुंटीवरची भडक नारिंगी टोपी काढली. बाईंच्या डोक्यावरची हिरवी टोपी हलकेच उचलून टोपलीत ठेवली आणि नारिंगी टोपी स्वतःच्या हातानं त्यांना घातली.

बाईंनी आरशात बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “एवढी भडक? मी दिसले की हरणं पळून जातील!”

“नाही जाणार,” हेर लिंडनर म्हणाले. “हरणांना हा रंग दिसतच नाही. फक्त आम्हाला दिसतो.”