साडूंच्या गाडीतली डावी सीट

हिंगोली जिल्ह्यात गाडी चालवायची म्हणून गाडी घेतलेले लोक पुष्कळ आहेत. गाडी थांबवायची म्हणून गाडी घेतलेला माणूस एकच, तो म्हणजे आमचे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पुसेगावला राहतात. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीच्या सुमारास एक जुनी पांढरी गाडी घेतली. बघायला गेलो तेव्हा विकणारा बॉनेट उघडून इंजिनचं कौतुक करत होता आणि हे पुढच्या चाकाशी उकिडवे बसून आत डोकावत होते. "इंजिन ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "इंजिन बंद पडलं तर माणूस घरी उशिरा येते. ब्रेक गेला तर येतच न्हाई."

जेवायला आले की ताटातली भाकरी उचलून उभी धरायचे. ही चाकासोबत फिरणारी तबकडी. मग अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. "हे ब्रेकचे पॅड. अन् हा सगळा पंजा म्हंजे कॅलिपर. पाय दाबला की दोन्हीकून बराबर आवळलं पाहिजे, पाय काढला की बराबर सुटलं पाहिजे. आवळणं कोणालाबी येते, साडूभाऊ. सोडणं मोठी गोष्ट हाये." तोवर भाजी गार व्हायची आणि मेहुणी म्हणायच्या, "मंग आता ती भाकर सोडा अन् जेवा."

उन्हाळा लागायच्या आधी अंगणात पोतं अंथरून ते पुढची दोन्ही चाकं काढायचे. कॅलिपर ज्या पिनांवर मागंपुढं सरकतं, त्या पिना पुसून त्यांना ब्रेकचंच खास ग्रीस लावायचे. दुसरं ग्रीस लावलं तर रबर फुगतं, हे ते रस्त्यानं जाणाऱ्यालाही थांबवून सांगायचे. उघडलेलं कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू नये म्हणून पायजम्याच्या नाडीनं वर बांधून ठेवायचे. त्यासाठी नव्या नाड्यांची एक गुंडाळीच गाडीत असायची. शेजारच्यानं एकदा विचारलं, "मास्तर, घटकाभर लटकलं तर काय होते?" हे भडकले. "लेकरू एका हाताला धरून लटकवता काय तुमी? नळी आतून फाटते. वरून दिसतबी न्हाई."

आणि कुठेही पोचलं की घरात शिरण्याआधी ते दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्यायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळाशी न्यावा तसा. दोन्ही सारखीच गरम असली तर कॅलिपर मोकळं आहे. एक जास्त तापलं असेल तर तिकडचं सुटत नाही, घासतंय. यजमान दारात तांब्या घेऊन उभे आणि पाहुणे चाकाचा ताप बघताहेत, असं चित्र आमच्या सगळ्या नातलगांनी पाहिलेलं आहे.

हे सगळं मी रंगवून सांगत आलो आहे. पण पाहुण्यांत मला खरा मान मिळाला तो पुतण्याच्या लग्नाच्या गोष्टीमुळे. लग्न जवळा बाजारला होतं. नवरदेव साडूंच्या गाडीत, मागं त्याच्याजवळ माझी वहिनी, पुढं डाव्या सीटवर मी. औंढ्याजवळ उतार लागण्याआधी साडूंनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "आता ही पुढं जाणार न्हाई." मागून जीपमधून आलेला माझा भाऊ ओरडला, "मास्तर, काहून थांबले? तिकडं भंतेजी येऊन बसले!" साडूंनी उत्तर म्हणून नाडी काढली. जीप गच्च भरलेली. शेवटी मांडववाल्याचा, स्वयंपाकाच्या भांड्यांनी भरलेला टेंपो आला आणि नवरदेव त्यात बसून गेला. पाहुणे उन्हात ताटकळले, लग्न उशिरा लागलं. मी सांगताना नवरदेवाला थेट कढईत बसवायचो, हातात झारा द्यायचो. लोक पोट धरून हसायचे. साडूही हसायचे, कधी मागच्या रांगेत बसून, कधी माझ्या अगदी समोर.

आता राहिलेलं सांगतो. थांबल्याबरोबर त्यांनी मला खाली उतरवलं आणि बाटलीतलं पाणी डाव्या चाकावर टाकलं. छर्र करून वाफ उठली. चाक काढून बघितलं तर पिन गंजून अडकली होती, आतला पॅड पार लोखंडापर्यंत झिजला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला. "दोन महिन्यामागं साफ केली होती हो," ते म्हणाले. पुढं तो उतार होता, खाली वळण होतं आणि गाडीत आम्ही चौघं होतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मांडवात लोक साडूंना नाही नाही ते बोलले, तेव्हा मी पंगतीत खाली मान घालून जेवत होतो. नंतर गोष्ट सांगायला लागलो तेव्हा वाफेपाशी लोक हसणं थांबवायचे, म्हणून मी वाफ गाळून टाकली.

हसता हसता एक झालं. त्यांच्या गाडीत बसायचं लोकांनी सोडलं. "मास्तरसोबत निघालं तर लग्न न्हाई, नुसतं जेवण भेटते," असं म्हणत सगळे जीप शोधायचे. साडू एकटे यायचे, मेहुणीसुद्धा बायकांबरोबर पुढं गेलेल्या असायच्या. डाव्या सीटवर त्यांनी अवजारांची पेटी ठेवायला सुरुवात केली आणि तिला पट्टाही लावला. त्या पेटीवरही मी एक विनोद केला होता.

गेल्या महिन्यात साखऱ्याला लग्न होतं. जेवणं झाल्यावर पोरांनी धरलं, "आजोबा, कढई सांगा." साडू खांबाला टेकून बसले होते. त्यांचे केस आता पार पांढरे झाले आहेत. मी सुरुवात केली, आणि या वेळी उतार सांगितला, वाफ सांगितली, झिजलेला पॅड सांगितला, नवरदेवाला टेंपोत ड्रायव्हरशेजारी नीट बसवलं. कोणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "मंग यात मजा काय राहिली?"

साडू माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "साडूभाऊ, कढई ऱ्हाऊ द्या बरं. कढई चांगली हाये."

निघताना भावानं जीपमधून हाक मारली. मी म्हणालो, "मी मास्तरांसंगं येतो." साडूंनी पेटीचा पट्टा सोडला, ती मागं ठेवली, सीट उपरण्यानं दोनदा झटकली. हिंगोलीपर्यंत त्यांनी एकही गोष्ट सांगायची शिल्लक ठेवली नाही; ब्रेक ऑइल हवेतला ओलावा कसा पितं, हे मी पुन्हा नव्यानं ऐकलं.

माझ्या दारात उतरल्यावर ते उजव्या चाकाशी गेले, मी डाव्या चाकाशी. मग आम्ही बाजू बदलल्या.

"डावं जरा जास्त गरम लागून राहिलं," मी म्हणालो.

त्यांनी परत येऊन तिथं हात धरला, बराच वेळ. "व्हय," ते म्हणाले. "आज तिकडं वजन होतं ना."

वजनानं एकट्या डाव्या चाकाचं कॅलिपर तापत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं आहे.